परिशिष्ट ड

मी, सोनाबाई केरबा चौगले, वय एकसष्ट,
राहणार शेणगाव, तालुका भुदरगड,
खरं सांगते असं लिहून देते की

'की'च्या पुढं काय, ते
कसबा बावड्यात कोर्टाबाहेरचा टायपिस्ट विचारतोय.
"मावशी, फक्त घटना. तारखेनिशी. रडगाणं नको."

रडगाणं न्हाईच, बाबा. हसण्याची गोष्ट हाय.

दोन मे, ब्याऐंशी साल.
हे वीस दिवसांच्या सुट्टीवर, लग्नापुरते.
उंबऱ्यावर बायकांनी अडवलं, नाव घे म्हणाल्या.
मी घेतलं :
दारात शेणसडा, अंगणात कडब्याची मोळी,
केरबांचं नाव घेते, बंदूक ठेवा, म्हशीला घाला अंघोळी.

हे हसले. पोटातनं हसले.
आणि हसता हसता गुडघ्यातनं गेले खाली,
दोर कापलेल्या पोहऱ्यासारखे.
मुंडावळ्या कानावर, डोळे उघडे,
ऐकू सगळं येत होतं, जीभ उचलत नव्हती.
नणंद ओरडली, "बघा गं, फौजीनं बायकोपुढं गुडघं टेकलं!"
सगळा मांडव हसला.
मीही हसले.
हे पण लिही.

पलटणीच्या कागदात ह्यातलं काही नाही.
तिथं लाल शाईत चार ओळी :
पहाऱ्यावर झोपलेला आढळला.
पहाऱ्यावर झोपलेला आढळला.
पुन्हा तेच.
चौथ्यांदा बर्फात, उभ्यानं.
डॉक्टरच्या रकान्यात, तोंडाला वास नाही, तरी दारूचा संशय.
खाली, शरीर ठणठणीत.
अकरा वर्षांनी ते ठणठणीत शरीर घरी धाडलं,
पेन्शनीला चार वर्षं कमी.

गावानं नाव पाडलं, झोप्या फौजी.
वैरण कापता कापता मान खाली, विळा हातात.
मी एकेक बोट उघडून विळा काढून घ्यायची.
रात्री उलटंच. डोळे टक्क,
छातीवर कोण बसलंय म्हणायचे.
सासूनं देवर्षी केला, दोन कोंबडी गेली,
बसणारा उठला नाही.
आणि एक गोष्ट मला लई उशिरा कळली :
पडू नये म्हणून
ह्यांनी हसायचंच सोडलं होतं.
लेकीच्या बारशात सुद्धा
भिंतीला पाठ लावून, दात आवळून उभे.

परवाच्या साली मोतीबिंदूला सीपीआरला नेलं.
रांगेत झोपले.
एक पोरसवदा डॉक्टरीण वाकली, जागं केलं, विचारलं,
"बाबा, हसल्यावर काय होतं?"
चाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
हे माझ्याकडं बघायला लागले,
चोरी सापडल्यासारखे.

मग राजारामपुरीत डोक्याला तारा लावून
दिवसात पाच वेळा झोपवलं.
पाचही वेळा चहा निवायच्या आत गेले.
नार्कोलेप्सी.
एवढा एक शब्द, आणि चार लाल ओळी.

अर्ज केला, कागद दुरुस्त करा.
उत्तर आलं, आजार नोकरीत असतानाच होता
याचा पुरावा सादर करावा.

"साक्षीदार?" टायपिस्ट विचारतो.
नणंद वारली. मांडवातली निम्मी माणसं वारली.
फोटो हाय एक.
फोटोवाल्यानं नेमकं तेव्हाच बटण दाबलं होतं :
नवरा खाली, नवरी तोंडावर पदर धरून.
सासऱ्यांनी तो ट्रंकेच्या तळाला घातला,
वर फौजेचं घोंगडं.
घराची अब्रू गेली म्हणून लपवलेला,
आज त्याला पिन मारून
टायपिस्टनं वर लिहिलं, परिशिष्ट ड.

मग तो मोठ्यानं वाचायला लागला,
"...सदर इसम म्हशीच्या उल्लेखामुळे हास्याच्या भरात
जागेवरच कोसळला..."

बाकड्यावर, फाईल मांडीवर घेऊन,
सदर इसम ऐकत होता.
ओठाचा कोपरा हलला.
हात भिंत शोधायला लागला.

मी पिशवी खाली ठेवली,
काखेत हात घातला.
"थांब रे जरा," टायपिस्टला म्हणाले,
"ह्यास्नी आधी हसून घेऊ दे."