राखेचा बुधवार

पहाटे पाचला फादरनी राखेत अंगठा बुडवला.
गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळलेली राख.
"माणसा, तू माती आहेस," म्हणाले.
मनात म्हटलं, आहे. कुठली, तेही माहीत आहे.
आमच्या कपाळावर राख नीट उमटते, कैतान.
गोऱ्यागोमट्यांना ती आरशात शोधावी लागते.

तू बाहेर होतास, टेंपोजवळ उकिडवा,
काटक्यांच्या जाळावर दमामाचं कातडं शेकत.
तीन वर्षं झाली, तू आत येत नाहीस.
"पाखल्यांचा देव," म्हणतोस.
"ज्यांनी बोटीत मोजून भरलं
त्यांनीच डोक्यावर पाणी ओतून नावं दिली.
त्या नावानं तुला हाक मारताना जीभ भाजते, पियाद."
मी उत्तर देत नाही.
माझा उपास, तरी तुझी भाकरी बांधते.

उत्तर इनासमायकडे होतं.
तिच्या आजीची आजी गोव्यातून पळाली,
रात्रीची घाट चढली, पायाला जळवा घेऊन.
मालकाच्या घरातून तिनं दोनच वस्तू चोरल्या:
एक ती स्वतः,
दुसरा भिंतीवरचा क्रूस.
सोनं नव्हतं का गे तिथं? मी विचारायची.
कवदी शिवता शिवता इनासमाय थांबायची,
सुईत दोरा ओवायची, दोनदा चुकायची,
मग म्हणायची,
तोपण तिथं खिळलेलाच होता की.
त्याला एकट्याला कसं टाकून यायचं?

लोंढ्याहून बेळगाव. टेंपोत एकोणतीस माणसं,
कपाळाकपाळावर एकेक राखाडी बोट, तुझं सोडून.
कचेरीच्या गेटावर पोलीस म्हणाला,
"काय लावून आलाय हे? कुठली संघटना?"
बस्त्यांव म्हणाला, "लई जुनी हाय वो."
तेव्हा तू हसलास. दिवसभरात एकदाच.

अर्ज कानडीत, घोषणा मराठीत,
डांबरावर पाय पोळले तेव्हा देवाचं नाव कोकणीत.
खिडकीतल्या साहेबानं कागद उलटा केला, सुलटा केला.
"किरिस्तांव की सिद्दी? एक काय ते ठरवून या."
मग गजांतून हात बाहेर काढून
रेजिनाच्या पोरीचे केस चिमटीत धरले, ओढून पाहिले,
खात्री करायला,
बाजारात लोकर बघतात तसे.

पोर रडली नाही.
मला पाचवं स्थान आठवलं, क्रूसाच्या वाटेवरचं,
उपासकाळात दर शुक्रवारी ज्याच्यापुढे गुडघे टेकते ते.
शेतावरून घरी निघालेला एक माणूस,
कुरेनेचा, म्हणजे आफ्रिकेचा,
शिपायांनी वेठीस धरलेला.
वेठ हा शब्द बायबलात आहे, कैतान.
तुझ्या पत्रकातही आहे, तिसऱ्या ओळीत.
आपल्या चॅपेलातल्या चित्रात त्याला गुलाबी रंगवलाय,
पण ओंडक्याखाली खांदा घालायची रीत बघ,
आधी गुडघा, मग पाठ.
रानात लाकूड वाहिलेल्याला रंग सांगावा लागत नाही.

साहेबाची चिमूट मी सोडवली, बोट बोट करून.
म्हटलं, "दोन्ही लिहा.
रकाना पुरत नसेल तर अक्षर बारीक काढा."
माझा आवाज एवढा मोठा आहे
हे मला माहीत नव्हतं.
मागून दमाम घुमला. एकच ठोका.
उपासकाळात वाजवायचा नसतो, फादर म्हणतात.
मी मागे वळून पाहिलं नाही.

अर्ज विचारात आहे.
शिक्का मारलाय, पुसट.

परतताना खानापूरच्या पुढे अंधार पडला.
घामानं राख ओघळून माझ्या नाकावर आली होती.
तू अंगठा जिभेला लावलास,
लहानपणी पाटी पुसायचास तसा,
आणि माझं नाक पुसलंस, काही न बोलता.
मग तो अंगठा पँटीला पुसला नाहीस.
तसाच दमामाच्या कातड्यावर ठेवलास,
आणि टेंपो खड्ड्यांतून जाईल तसं
ते आपोआप वाजत राहिलं.