पदरचं गाढव

बेत साहूरच्या उतारावर आमचं दुकान.
ऑलिव्हच्या लाकडाचा भुसा
भाकरीत येतो, भुवयांत येतो.
नाताळ आमच्याकडे ऑगस्टातच लागतो,
जहाजाला वेळ लागतो म्हणून.

यंदाची मागणी: चारशे संच.
राजे तीन, उंट तीन, मेंढपाळ दोन,
बैल, गाढव, गोठा,
आणि नवीन, गिऱ्हाइकाच्या खास आग्रहावरून,
दारात हात आडवा धरून
"जागा नाही" म्हणणारा सराईवाला.

बाबांनी करवत खाली ठेवली.
"हा कोण?
पासष्ट वर्षं ऐकतोय ती गोष्ट,
हा गृहस्थ मला कधी भेटला नाही."

त्या रात्री बिशारा सुताराने चष्मा लावला
आणि उधारीची वही तपासावी
तसे दोन्ही वृत्तान्त बोट ठेवून तपासले.
उंट नाहीत.
गाढव नाही. "असेलही बिचारं,
पण लिहिणाऱ्याने पाहिलं नाही.
ते आपलं पदरचं."
तारीख नाही; आमच्याच गावात सण दोनदा होतो.
राजे नाहीत, पूर्वेकडचे ज्योतिषी आहेत,
आणि ते आले ते घरात.
किती? सांगितलेलं नाही. भेटी तीन, एवढंच.
"तुझ्या लग्नात घड्याळं चार आली, नुहा,
म्हणून पाहुणे काय चारच होते?"

एकाकडे मेंढपाळ आहेत, त्यांना तारा ठाऊक नाही.
दुसऱ्याकडे तारा आहे, त्याला मेंढरं ठाऊक नाहीत.
दोन गोष्टी, एकमेकींच्या वाटेलाही न गेलेल्या,
आम्ही एकाच डिंकाने
एकाच पाटावर बसवतो.
उरलेले दोघे जन्माबद्दल अवाक्षर काढत नाहीत.
एक नदीकाठी सुरू करतो, मूल थेट मोठं झालेलं;
दुसरा तर जगाच्याही आधीपासून.

"पण चौघांपैकी कुणीतरी असेल ना तिथे,"
माझा भाऊ जुबरान म्हणाला, "पाळण्यापाशी?"
"कुणी नव्हतं रे.
खाली सहीसुद्धा केली नाही त्यांनी.
नावं मागाहून चिकटली,
आपण तळाला 'बेथलेहेम' चिकटवतो तशी."

मग बराच वेळ ते एका शब्दावर थांबले.
सराई नव्हे. पाहुण्यांची खोली.
चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला नाही.

"माझ्या वेळी बर्फ पडलं होतं.
वर्दे आत्या सांगायची,
वरच्या खोलीत पाहुणे दाटीवाटीने झोपलेले,
म्हणून आईला खाली आणलं,
शेळ्या बांधायचो तिथे. ऊब होती.
दगडात कोरलेली गव्हाण होती, तिच्यात पेंढा.
कुणी हाकललं नव्हतं तिला.
उलट बायकांची ही गर्दी,
सुईणीला कोपर हलवता येईना."

भुशाकडे बघत म्हणाले,
"आणि त्या पोरीला
मी जन्मभर एकटीच कोरत आलो."

सकाळी उरल्यासुरल्या तुकड्यातून
मी एक बाई काढली.
बुटकी, बाह्या वर सारलेल्या,
हातात गरम पाण्याची घागर,
तोंड उघडं, कुणावर तरी ओरडणारी.
बाबांनी ती उलटीसुलटी करून पाहिली.
"ही कुठे लिहिलेली नाही."
"गाढव कुठे आहे?"

चारशे सराईवाले गेले.
पोटाला नाही म्हणता येत नाही.
पण प्रत्येक खोक्यात, कागदाच्या चुऱ्यात,
पावतीवर नसलेली
एक बाई गेली.

नोव्हेंबरात पत्र आलं:
एक नग जास्तीचा आहे,
मांडणीत कुठे बसवायचा, कळवावे.

बाबा कान्याची धार काढत होते.
मान वर न करता म्हणाले,
"लिही त्यांना,
गाढव जरा सरकवा."