हातचा

मोसेवँग वसाहतीची सभा
दर सप्टेंबरात धुलाईखोलीशेजारी भरते.
भिंतीपलीकडे कुणाच्या तरी चादरी गरगरत असतात,
बंदराकडचा वारा दार ढकलत असतो,
आणि रॅग्नहिल्ड चष्मा पुसत म्हणते,
"पान चार उघडा."

पान चारवर आमचं भाडं आहे.
इथे घरमालक म्हणून बोट दाखवावं
असा माणूसच नाही.
आहेत ते खर्च, एकाखाली एक:
कर्जाचा हप्ता, विमा, बर्फ उपसणं,
जिन्यातले दिवे, कचरा,
खाऱ्या हवेने खाल्लेले कठडे,
आणि तळाशी, जाड अक्षरात,
छपरासाठी शिल्लक.
बेरीज करा, चौरस मीटरांनी भागा,
येईल ते भाडं.
नफा नाही, तोटा नाही,
बाकी शून्यच यायला हवी.

यंदा बेरीज फुगली आहे.
माझ्या दोन खोल्यांना महिना एकशे अठरा क्रोनर जास्त.

टोर्किल उठला. चाळीस वर्षं मासळीच्या लिलावात
आकडे ओरडलेला गळा.
"छप्पर अजून बारा वर्षं टिकेल,
मी टिकणार नाही.
ज्यात मी भिजणार नाही
त्या पावसाचे पैसे मी का भरू?"
हशा झाला.
मग एकेक करून सगळे हसायचे थांबले.

तिसऱ्या रांगेतली होदान,
खांद्यावर झोपलेलं मूल सावरत म्हणाली,
"माझं स्वयंपाकघर मागच्या वर्षी नवं केलंत.
ते पैसे कुणी साठवले होते?
मी तर तेव्हा हार्गेसात शाळेत जात होते."
टोमणा नव्हता तो,
तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.
रॅग्नहिल्डने कागद चाळले.
त्यात नावं नव्हती.

दर घराला दोन मतं, असा नियम.
होदानच्या घरात सहा माणसं, दोन मतं.
टोर्किल एकटा, दोन.
मलाही दोन पिवळी कार्डं मिळतात.
आयगिल जाऊन तीन वर्षं झाली,
दारातली मुलगी न विचारता दोन देते.

आयगिल प्रत्येक वाढीच्या विरोधात मत द्यायचा,
वाढ बरोबर आहे हे कळत असूनही.
म्हणायचा, "कुणीतरी नाही म्हटलं पाहिजे,
नाहीतर आकडे माजतात."

"बाजूने?"
माझा उजवा हात वर गेला.
"विरोधात?"
डावा. त्याचं कार्ड.
शेजारची बेन्टे कुजबुजली,
"अगं, आलीस कशाला मग?
एकातून एक गेलं, राहिलं काय?"

काय राहिलं ते मला सांगता आलं नाही.
शाळेत बाई फळ्यावर बेरीज मांडायच्या
आणि सारख्या बजावायच्या, हातचा विसरू नका.
या घरात मावत नाही
ते पुढच्या घरात न्यायचं असतं.

चौसष्ट विरुद्ध एकोणसाठ. मंजूर.
टोर्किल कुणाशी बोलला नाही.
दरवर्षीसारख्या चार-चार खुर्च्या एकात एक घालून
भिंतीशी रचत राहिला.
छताच्या कोपऱ्यात ओलीचा डाग होता,
त्याच्याकडे त्याने एकदाच वर पाहिलं.

एकशे अठरा म्हणजे
लोकरीच्या दोन लड्या, किंवा
रविवारची बंदरावरची कॉफी.
बघू.

निघताना कार्डं खोक्यात परत टाकायची असतात.
मी एक टाकलं.
मुलीने मोजली, पुन्हा मोजली,
म्हणाली, "एक कमी भरतंय."