बिल जोडले नाही

नगरपालिकेत माझं काम एवढंच:
शाळांच्या स्वयंपाकघरांची बिलं तपासायची,
शिक्का मारायचा, पुढे सरकवायची.
एप्रिलचं पाकीट राचाच्या डोंगरातून आलं
तेव्हा त्यात बिलं नव्हती. वही होती,
चौकटींची, गणिताची,
मुखपृष्ठावर तेलकट अंगठा.

दरड कोसळली तो सोमवार.
खालून येणारा ट्रक, गोठवलेले वाटाणे,
परदेशी कोंबडीच्या तंगड्या, डब्यातला मका,
सगळं घेऊन नदीपाशी अडकला.
शाळेत पोरं एकोणचाळीस.
घंटा बाराची, ती काही दरडीसाठी थांबत नाही.

नाझिब्रोला लिहिते,
अक्षर असं की कणीक मळता मळता लिहिलंय:
"राजमा, सहा किलो. त्सिआलाकडून.
म्हणाली, बियाण्याचा आहे, मूठभर तरी ठेव."
दराच्या रकान्यात: ठेवला.

मंगळवार.
"चिंचरी, दोन पोती. चर्चमागच्या कुंपणाची.
दर: हातमोज्यांची एक जोडी, फाटली."
चिंचरी म्हणजे हात लावला की पेटणारा पाला,
उकळत्या पाण्यात पडला की गरीब गाय.
त्यात वाटलेले अक्रोड, लसणीची पात, निळी मेथी,
वाळवलेल्या झेंडूच्या पाकळ्यांची पूड,
व्हिनेगर बेतानं. मळून हिरवे गोळे.
"तोर्निकेनं तोंड वाकडं केलं.
मग माझं लक्ष नाहीसं बघून तीन खाल्ले."

बुधवारी अक्रोड संपले.
ग्रामितोननं दारात पोतं ठेवलं, बोलला नाही, गेला.
या घराशी त्याचा अकरा वर्षांचा अबोला,
अक्रोडाची एक फांदी कुंपण ओलांडून
कुणाच्या हद्दीत वाढली, एवढ्यावरून.
वहीत: "ग्रामितोन. चार किलो.
त्या फांदीचेच."

गुरुवारी काही नव्हतं.
एप्रिल असाच असतो इथे:
तळघरातलं तळाला गेलेलं,
वाफ्यातलं अजून बोटाएवढं.
डोंगर हिरवागार दिसतो,
पण दिसतं ते सगळं शिजत नाही.
"मक्याची भाकरी. कांदा.
चीज, जिची गाय नुकती व्याली तिच्याकडून.
मुलांनी परत मागितलं. नव्हतं."
ही ओळ मी पुन्हा वाचली.
एकवीस वर्षांत एकाही बिलावर
मी हा शब्द पाहिला नव्हता.

शुक्रवारी पाचवीचा अख्खा वर्ग भूगोलाच्या तासाला रानात गेला,
एकलाचे काटेरी कोंब, ओरखडलेले हात
आणि एक कासव घेऊन आला.
(कासव सोडून दिलं. तेही लिहिलंय.)

मग रस्ता मोकळा झाला, ट्रक आला.
"ड्रायव्हर, दोन वाट्या. पैसे देत होता, घेतले नाहीत.
वाटाणे उतरवून घेतले. असू देत."

मी फोन केला. नियम वाचून दाखवला:
पुरवठादार नोंदणीकृत हवा.
"कुंपण नोंदणीकृत आहे की," ती म्हणाली,
"चर्चचं आहे."
मागे कुणीतरी भांडी आपटत होतं.
मग तिनं विचारलं: त्सिआलाचं बियाणं
मेच्या आत परत करायचंय,
पेरलं नाही तर पुढच्या एप्रिलला पोतं कुठलं?
ते कुठल्या रकान्यात लिहू?
मी म्हणालो, कळवतो.

अजून कळवलेलं नाही.
वही टेबलावर पडून आहे,
शिक्का मारलेला नाही, परतही पाठवलेली नाही.
पान उलटलं की लसणीचा वास येतो,
आणि शेजारच्या टेबलावरची दोदो
फायलीतून मान वर न काढता विचारते,
वाजले का हो बारा?