शेंदरी पूड

मंडळात तेव्हा माणसं तीन :
सचिव, ज्यांचा स्वतःचा दवाखानाही होता,
मिस प्रूडन्स हॅझन, मृत्यूचे दाखले आडनावांप्रमाणे लावणाऱ्या,
आणि मी.
मला घोडा भाड्याने घ्यायची परवानगी होती,
पावती आणली तर.

अधिकार एकच : सल्ला देणे.
आणि व्हरमाँटच्या डोंगरात सल्ल्याला काय भाव येतो
ते कुठल्याही मेंढपाळाला विचारा.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं लोक सहज म्हणून जातात.
माझं तर पोटच त्यावर होतं.

ऑक्टोबरात वॉर्डवेलच्या शेतावर गेलो. विषमज्वर.
ऑरा, नऊ वर्षांची. ड्वाइट, सहा.
आणि शाळेची तरुण मास्तरीण,
आठवड्यापुरती त्यांच्याकडे जेवायला-राहायला आलेली.
मिस हॅझनच्या खणात भावंडं शेजारी आहेत,
मास्तरीण दूर, ‘बी’मध्ये.

असाहेल वॉर्डवेलने आधी पाणी दिलं, मग खुर्ची.
“बापाने खणली. एकोणीस फूट, सगळा कातळ.
पी. गोड आहे.”
गोडच होतं.
चढावर संडास, चाळीस पावलांवर,
मधे सफरचंदाचं एक झाड,
त्या वर्षी फळांनी पार वाकलेलं.

पूड बाटलीत शेंदरी असते.
पाण्यात पडली की हिरवी.
संध्याकाळी मी ती संडासात ओतली,
वर चार बादल्या पाणी,
आणि स्टेशनजवळच्या खानावळीत वाट पाहत बसलो.
दोन दिवस वाटाण्याचं सूप.
उकळलंय ना, हे दर वेळी विचारून.

तिसऱ्या दिवशी पहाटे
लोविनाने बादली ओढली.
कोवळ्या गवताचा रंग. ऑक्टोबरात.
ओरडली नाही.
ओतून टाकली, पुन्हा सोडली,
पुन्हा तोच हिरवा
तिच्या मनगटांवर, कठड्यावर, बुटांवर.

“तू विहिरीत टाकलंस,” असाहेल म्हणाला.
“संडासात.”
तो झाडाकडे बघत राहिला, मग चढाकडे,
मग म्हणाला, “विहीर माझ्या बापाची आहे,”
जसं काही कुणी ती मागितली होती.

सल्ला दिला. तोंडी आणि छापील.
छापील त्याने घड्याळाखाली ठेवला.

वार्षिक अहवालात, पान एकसष्ट :
विहिरी तपासल्या, एकशे चौदा.
सल्ला दिला, एकशे चौदा.
मानला किती, असा रकाना नव्हता.

एप्रिलच्या चिखलात पुन्हा त्याच रस्त्याने चाललो होतो,
डोंगरापलीकडे लाल पुरळाचा ताप होता म्हणून.
वॉर्डवेलच्या कुरणाच्या दगडी बांधाला खिंडार पडलेलं,
दारापेक्षा रुंद.
लोविना दगड पोटाशी धरून येत होती,
लहान मूल धरावं तसा नाही,
दगड धरावा तसाच.
“रोज एक,” म्हणाली. “दूध काढून झालं की.”
“आणि असाहेल?”
“तो सकाळी इकडे बघत नाही.”

मी विहिरीत वाकून पाहिलं.
पुरुषभर खोली उरली होती.
वरच्या थरातले दोन-चार दगड
तिच्याने हलले नसते.
मी काही बोललो नाही.
दगडांबद्दल विचारण्याचा मंडळाला अधिकार नाही.

त्या रविवारी आईकडे गेलो.
तिचीही विहीर, तिच्या सासऱ्याने खणलेली,
आणि गोठा वर, चढावर.
पिशवीत बाटलीच्या तळाशी चमचाभर पूड होती.
आईने तांब्याच्या ओगराळ्याने पाणी दिलं,
हात पुसत समोर उभी राहिली.
“कसं आहे?”

“गोड,” म्हणालो,
आणि पिशवी पायानेच
खुर्चीखाली सरकवली.