नऊशे क्रोनर

ट्रॉन्डहाइम. दुपारी तीनलाच अंधार.
सोल्वाइगनं चहाच्या पुड्यावर लिहिलं:
नऊशे क्रोनर. टपाल धरून.

पहिला वायुभारमापक चकचकीत,
पाठीचा फोटो मात्र नाही. मागितला,
तर म्हणे पैसे थेट खात्यावर टाका, दोनशे सोडतो.
पाण्यातली म्हैस, म्हणाली ती,
राहू दे पाण्यात.

दुसऱ्याच्या काचेला तडा,
विकणाऱ्यानं आपणहून सांगितलेला.
अस्साच होता आयनारच्या बोटीवर.
बोटीबरोबर गेला.
दोघंही.

शेवटचे चाळीस सेकंद. कुणाची तरी बोली: नऊशे दहा.
दहाच तर!
बोट कळीवर,
डोळा पुड्यावर.

वेळ संपली.
तिनं पुडा फोडला, आधण ठेवलं.
रात्री वादळ येणार,
गुडघा सांगतोय.