रकाना

कुरेसारेच्या नगरकचेरीत, तळमजल्यावर,
हीटर मधूनमधून घसा खाकरतो.
तार्मो लाकडी खणांतली जुनी कार्डं
एकेक करून फाइलीत उतरवतो आहे:
महिरपी कंस उघडला, नाव, जन्मसाल, होडीचा नंबर,
कंस मिटला.
कंसाला महिरप म्हणणाऱ्याचं भलं होवो,
माणसं दारातून आल्यासारखी येतात.

सकाळी एक स्वल्पविराम जास्तीचा राहिला
तर वाचणाऱ्या लायब्ररीने
अख्खं बेट नाकारलं.
ओळ चार हजार एकशे अठरा, अनपेक्षित चिन्ह.
बाकी काही बोलत नाही ती.

दुपारी उइए आली. ही कार्डं तिच्याच हातची,
बत्तीस वर्षं याच टेबलावर.
(तिच्या नावाचं पहिलं अक्षर माझ्या लिपीत नाही,
जीभ मागे ओढून ओठ फाकवायचे,
जमत नाही, म्हणून उइए.)
मशीनलाही जमलं नव्हतं.
पडद्यावर तिच्या जागी
एक तिरपी रेघ, एक यू, दोन शून्यं, डी, पाच.
"ही मी?"
तार्मो ओशाळला, एक सेटिंग बदललं,
फाइल पुन्हा लिहिली.
अक्षर परत आलं, डोक्यावरच्या लाटेसकट.

मग तिने चष्मा पुसला.
आपलं नाव कुठे आहे ते आता तिने पाहिलं:
विल्लेम, जन्म एकोणीसशे सतरा,
होडी, सप्टेंबर चव्वेचाळीस, दिशा गॉटलंड,
अपत्ये, चौकटी कंस, त्यात ती एकटी.

"इथे खाली एक ओळ होती."
"रिकामी होती. रिकाम्या ओळी लायब्ररी गाळते,
मीच सांगितलंय, फाइल हलकी राहते."
"किती हलकी?"

तार्मोने उत्तर दिलं नाही. तो नियम खोडला.
ओळ उगवली: मृत्यू, आणि पुढे नल.
"नुल्ल?" ती एकदम ताठ झाली.
"शून्य कसं लिहितोस?
शून्य म्हणजे मोजून झालं."
त्याला हसू आलं, मग आलं नाही.
आपल्या भाषेत शून्य, म्हणाला, यांच्यात नाही.
यांच्यात शून्य हा आकडा आहे.
नुसती अवतरणचिन्हं म्हणजे
कुणी काही सांगायला आलं, आणि गप्प बसलं.
आणि हे म्हणजे
कुणी आलंच नाही अजून.

बराच वेळ हीटरच बोलत होता.
"बरं," ती म्हणाली, "मग तेच ठेव.
आणि लिहिलेलं परत वाचून बघ,
मी नेहमी बघायचे."

त्याने फाइल मिटली, उघडली, वाचायला लावली.
सगळे होते. तेही होते:
मृत्यू,
पुढे दोन ठिपके, एकावर एक,
ज्यांना आपण
अपूर्णविराम म्हणतो.